तेरसेचं पाणी

दहावीच्या गणिताचा पेपर तेरसेला आला.
बोर्डानं फक्त तारीख कळवली होती,
तेरस आयनं शोधली,
बर्फाच्या कारखान्याच्या कॅलेंडरवर
खवला चिकटलेलं बोट फिरवत.
"तेरा पाऊणे पावणेदहा," ती स्वतःशीच म्हणाली,
"पावणेदहाला भरतं. तू नवाला तरीवर हो."

आय चौथीपर्यंत शिकलेली.
तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ,
चवथीला तीन, अष्टमीला सहा, बारशीला नऊ.
मासळी निवडताना हे तिच्या ओठांत चालू असायचं,
गणित म्हणून नव्हे,
सुपारी चघळावी तसं.

आमच्याकडे त्याला सूत्र होतं.
घुमे सरांनी फळ्यावर चौकटीत लिहिलेलं:
ए अधिक, कंसात एन वजा एक, कंस पुरा, गुणिले डी.
मी पाठ केलं.
पण त्यातला तो वजा एक रुतत राहिला,
टाचेत कालवाची कपची राहावी तसा.
तेरावं पद हवं, तर तेरा उड्या का नाहीत?
सर म्हणाले, सूत्रच तसं आहे.

मुचकुंदीवर तेव्हा पूल नव्हता.
कमरुद्दीन होडेकरांची तर होती.
त्यांच्याकडे तिथी नव्हती,
चंद्र डोळ्यांना दिसेल तेव्हा मोजायला सुरुवात.
"आज चांदाची बारावी," वल्हं मारत म्हणाले,
"पावणेदहाला भरंल."

"बारा पाऊणे नऊ होतात, चाचा. आज तेरस आहे."

"तुमची पहिली तिथी कोणी बघितलीय गो?
चांद दिसला त्या रोजी पाणी दीडला भरलं.
माझी मोजणी तिथनं."
मग वल्ह्याच्या टोकानं त्यांनी काठाकडे दाखवलं,
जाळी सुकवायचे खुंट, अर्धे पाण्यात.
"पहिल्या खुंटाला धरून उभी ऱ्हा.
बाराव्याला जायला किती वेळा हात सोडशील?"

मी मोजले.
अकरा.
पहिल्यापाशी तर मी आधीच उभी होते,
तिथं पोचायला काहीच लागत नव्हतं.
दीड, आणि अकरा पाऊणे सव्वाआठ,
मिळून पावणेदहा.
आयचं तेरावं, त्यांचं बारावं,
आणि तरीखाली पाणी एकच,
तांबूस, शिमग्याच्या ढोलांनी
दोन्ही काठांवरून हादरणारं.

खरं सांगायचं तर ते पावणेदहाला भरलं नाही.
शाळेच्या गडग्यावर बसून मी बघत होते.
दहा वीसला तिवरांची पानं हलायची थांबली,
एक खोबऱ्याची करवंटी
ना आत जाईना, ना बाहेर.
रोजच्या पाऊण तासावर समुद्र
दोन-तीन मिनिटं जास्तच घेतो,
तेरसेपर्यंत त्याची चांगली बाकी साठते.
आयला हे माहीत असणार.
नाहीतर तिनं नऊ कशाला सांगितले असते?

पेपरात आलं: सात, तेरा, एकोणीस,
या श्रेढीचं एकोणिसावं पद काढा.
मी सात धरून उभी राहिले.
अठरा वेळा हात सोडला.
एकशे पंधरा.
शेजारच्या बाकावरच्या मुलीनं एकशे एकवीस लिहिलं होतं.
मला तिचा पाय दिसला, एक खुंट पुढे गेलेला,
पण सांगता येत नव्हतं.

परतताना सुकती लागलेली.
तर गाळाशी थांबली, चपला हातात,
पोटऱ्यांपर्यंत रुतत मी खुंटांच्या कडेनं चालले.
सगळे उघडे पडले होते, खाली शिंपल्यांनी भरलेले,
आणि मोजायला सोपे.

आय आडात बादली सोडत होती.
पेपर कसा गेला हे तिनं विचारलं नाही.
"कितीला भरलं?"
"दहा वीसला."
ती दोर ओढता ओढता थांबली.
"मग उद्या?"
मी तोंड उघडलं.
"ऱ्हाऊ दे," ती म्हणाली,
"उद्या मीच जाऊन बघते."